सिस्टरच्या डाव्या हाताला

दाताच्या डॉक्टरांनी हात वर केला आणि त्यांच्यामागून येणारे तिघंही वाटेवर जागच्या जागी थांबले. पार्लरवालीचा एक पाय खडीवर टेकायचा राहिला होता, तो तिने तसाच अधांतरी धरून ठेवला.

"सुतार," डॉक्टर कुजबुजले. "खोडावर. तिथे."

"कुठल्या खोडावर?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

"ते मोठं झाड नाही का, त्याच्या अलीकडचं. आपल्या त्या... ह्याच्या शेजारचं."

"कुणाच्या शेजारचं?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चार दुर्बिणी चार दिशांना लागल्या. कुठेतरी टकटक झाली, मग एक पक्षी उघड्या फांद्यांमधून झोके घेत पलीकडे गेला आणि दफनभूमी पुन्हा शांत झाली.

"गेला," डॉक्टर म्हणाले.

"गेला तो दिसला. होता कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही," बाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं मुलांना नकाशे वाचायला शिकवलेल्या बाईंना हे असं 'तिथे' आणि 'त्या ह्याच्या' अजिबात सोसत नसे. पण आज त्यांनी वाद घातला नाही. एकदा मागे वळून पाहिलं, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने त्या पुढे चालू लागल्या.

मागे उभे होते ते सिस्टरचे मिस्टर. उभी हयात त्यांनी शहरातली बस चालवली, तरी त्यांना ड्रायव्हर म्हणून कुणी ओळखत नसे. त्यांची बायको लसीकरणाच्या खोलीत नर्स होती. अर्ध्या गावाने लहानपणी तिच्यासमोर दंड पुढे करून गळा काढलेला. तीच पोरं मोठी होऊन बसमध्ये चढायची आणि ड्रायव्हरच्या पाठीकडे बोट दाखवून एकमेकांच्या कानात सांगायची, की हे सिस्टरचे मिस्टर. पुढे पुढे त्यांनाही ते बरं वाटायला लागलं. आपल्यापेक्षा आपल्या माणसाचं नाव मोठं आहे, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

सिस्टर गेल्या त्याला आता एक हिवाळा झाला. मिस्टरांच्या गळ्यात होती ती तिचीच दुर्बीण. पट्टा तिच्या उंचीच्या मापाने बांधलेला होता, त्यामुळे दुर्बीण त्यांच्या गळ्याशी येऊन बसायची. तिच्या उजव्या भिंगाला एक फिरती कडी होती. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असला की ती फिरवून उजवी बाजू आपल्या डोळ्याला जुळवायची असते. ती कडी सिस्टरच्या डोळ्याला जुळवलेली होती. मिस्टरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली की डावीकडचं कसंबसं दिसायचं आणि उजवीकडे काचेवर दूध सांडल्यासारखं व्हायचं. कडी एवढीशी फिरवली असती तर सगळं लख्ख झालं असतं. मुलीने फोनवर ते समजावूनही सांगितलं होतं. मिस्टरांनी दोनदा कडीला बोट लावलं आणि दोन्ही वेळा काढून घेतलं.

"बाबा, मग ती कपाटात ठेवून तरी काय करणार?" मुलगी म्हणाली होती. "आईच्या ग्रुपला देऊन टाका. तिलाही आवडेल."

म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोन केला. दुर्बीण तुम्हा लोकांना द्यायची आहे, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मग रविवारी याच की आमच्याबरोबर, एक फेरी मारू, मग बघू. मिस्टर लगेच हो म्हणाले. मुलीला त्यांनी जे सांगितलं नव्हतं ते एवढंच, की देण्याआधी त्यांना एकदा पाहायचं होतं. तिच्या माणसांमध्ये आपल्याला उभं राहायला जागा आहे का, हे पाहायचं होतं. असली तर दुर्बीण गळ्यात राहील आणि रविवार सकाळ आपली होईल. नसली तर फाटकाशी पट्टा डोक्यावरून काढायचा, डॉक्टरांच्या हातात द्यायचा, आणि पुन्हा या बाजूला फिरकायचं ते फुलं ठेवण्यापुरतं. असा सगळा हिशेब त्यांनी मनात पक्का केला होता.

आणि आत्तापर्यंत तरी हिशेब दुसऱ्या बाजूलाच झुकत होता.

नोकरीत असताना त्यांना रविवारची सुट्टी क्वचित मिळायची, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारची झोप कुणाला हात लावू दिली नाही. सिस्टर एकटीच अंधुक उजेडात उठून जायची. हिवाळा सरत आला, की झाडांना पालवी फुटेपर्यंतचे काही आठवडे ती एकही रविवार सोडत नसे. पक्षी गायला लागलेले असतात आणि लपायला पानं नसतात, तेव्हाच काय ते बघून घ्यायचं, असं तिचं म्हणणं. परत आली की गार पडलेले हात ती झोपलेल्या नवऱ्याच्या मानेत घालायची. ते ओरडत उठले की न्याहारीच्या टेबलावर बसून सगळी बातमी द्यायची.

"आज कप्तानाच्या टोपीवर रामगंगा बसली होती. आणि तिघी बहिणींच्या मधोमध कस्तुर, चांगला दहा मिनिटं. घड्याळजींच्या मागे मात्र काही नाही, तिथे मांजर फिरतंय."

रामगंगा, कस्तुर हे पक्षी; बाकीची ही मंडळी दफनभूमीतली होती. कुणाच्या दगडावर नांगर कोरलेला, तो कप्तान. कुणाच्या दगडावर घड्याळ, ते घड्याळजी. फुगलेल्या पावासारखा गोल दगड होता ते पावकाका. एका देवदूताचं नाक तुटलेलं, तो नकटा. एकाच कठड्यात शेजारी शेजारी झोपलेल्या त्या तिघी बहिणी. झाडं सगळी सारखीच, पक्षी कुठल्या झाडावर आहे हे सांगता सांगता तो उडून जाणार. थडगं मात्र प्रत्येकाचं वेगळं. म्हणून या ग्रुपने कधीपासून तरी मेलेल्यांचे पत्ते केले होते. कप्तानाच्या उजवीकडे, पावकाकांच्या डोक्यावर. आणि सिस्टरने त्यात एक नियम घालून दिला होता. डावं-उजवं नेहमी झोपलेल्याचं धरायचं. बघणारे चारजण चार ठिकाणी उभे असतात, झोपलेला काही कूस बदलत नाही.

मिस्टरांना पहिल्यांदा ते जरा विचित्र वाटलं होतं.

"अगं, मेलेल्या माणसांना असं बसस्टॉपसारखं वापरायचं?"

"अहो, त्यांना आता कोण विचारतंय?" ती पावाला लोणी लावत म्हणाली होती. "घरचेसुद्धा येत नाहीत. आम्ही निदान दर रविवारी आठवण काढतो."

त्यामुळे आज आयुष्यात पहिल्यांदा या वाटेवर पाऊल टाकताना मिस्टरांना वाट अनोळखी वाटलीच नाही. फाटकातून आत आल्यावर कप्तान दिसला. टोपी म्हणजे दगडाचा वरचा पुढे आलेला कंगोरा, हे त्यांनी लगेच ओळखलं आणि मनातल्या मनात नमस्कार केला. पुढे पावकाका. खरोखरच पावासारखे. वर्षानुवर्षं ऐकलेली माणसं एकदम समोर भेटत होती आणि ते कुणीतरी त्यांची नावं घेण्याची वाट पाहत होते.

पण नावं कुणी घेईना.

"त्या करड्या दगडावर," डॉक्टर म्हणायचे. तिथे करडे नसलेले दगडच नव्हते.

"त्या उंच वस्तूच्या पलीकडे," पार्लरवाली म्हणायची. एरवी ही बाई केस कापता कापता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करते, असं सिस्टर सांगायची. आज ती मिठाची गुळणी धरून चालल्यासारखी चालत होती.

एक वटवट्या गेला. दोन कस्तुर गेले. प्रत्येक वेळी तेच. कुणीतरी बघायचं, कुणीतरी 'तिकडे' म्हणायचं, दुर्बिणी भिरभिरायच्या, आणि पक्षी उडून जायचा. मिस्टरांना आधी वाटलं, तो सगळा खेळ तिचाच असावा, तिच्याबरोबर संपला असावा. मग वाटलं, ती न्याहारीला तिखटमीठ लावून सांगत तर नव्हती?

तेवढ्यात पार्लरवालीचा संयम सुटला.

"नकट्याच्या डाव्या कानामागे," ती श्वास रोखून म्हणाली.

तिन्ही दुर्बिणी एका क्षणात, एका जागी वळल्या. मिस्टरांची चौथी. देवदूताच्या कानामागच्या खाचेत एक इवलासा पक्षी चोचीत शेवाळाचा झुबका घेऊन बसला होता, घरटं बांधायच्या घाईत असावा. मिस्टरांच्या डाव्या डोळ्याला तो दिसला आणि उजव्या डोळ्याने त्यावर दूध ओतलं. तरी दिसला. त्यांना हसू फुटणार होतं.

पण डॉक्टर खोकले. पार्लरवालीने जीभ चावली. तिघांनी एकदमच मिस्टरांकडे पाहिलं आणि एकदमच नजर काढून घेतली, दुःखातल्या घरात चुकून मोठ्याने हसू आल्यावर माणसं पाहतात तशी.

तेव्हा मिस्टरांच्या लक्षात आलं. सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ही तीन शहाणी माणसं कप्तानाला दगड म्हणत होती, आणि त्यापायी सकाळभर एक पक्षी धड बघत नव्हती.

बसमध्ये तिकीट तपासनीस चढला की कसं होतं, ते मिस्टरांनी आयुष्यभर आरशातून पाहिलं होतं. ज्यांच्याकडे तिकीट आहे तेसुद्धा बोलायचे थांबतात. आज तपासनीस आपण आहोत, हे कळून ते कानकोंडे झाले. म्हणावं असं फार वाटलं, की अहो, चालू द्या, मला सगळे माहीत आहेत, मी या सगळ्यांना ओळखतो. पण चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये, ही पाटी डोक्यावर घेऊन त्यांनी इतकी वर्षं काढली होती, की आपणहून बोलायची सवय घरीसुद्धा लागली नव्हती. घरी बोलायचं काम तिचं होतं. ते तसेच इतरांच्या मागोमाग चालू लागले.

पुढे वाट दुभंगत होती. डावा फाटा दफनभूमीच्या नव्या भागाकडे जायचा.

"तिकडे चिखल असेल," डॉक्टर म्हणाले आणि उजवीकडे वळले.

चिखल नव्हता. मिस्टर कालच नव्या भागाच्या वेगळ्या फाटकाने तिकडे जाऊन आले होते, बूटही मळले नव्हते. पण तेही उजवीकडे वळले. तिकडे कुणाला न्यावं असं होतं तरी काय? जुन्या भागात जागा उरली नव्हती. सिस्टरने आजारपणात एकदाच म्हटलं होतं, मला झाडांखाली ठेवा हं, कप्तानाच्या आसपास कुठेतरी. ते हो म्हणाले होते. नंतर त्यांनी कचेरीत खेटे घातले, विनवण्या केल्या, आवाजही चढवून पाहिला. कचेरीतल्या माणसाचा नाइलाज होता. नवा भाग म्हणजे भिंतीपलीकडची झाडं तोडून, सपाट करून घेतलेली जमीन. नवे सारखे दगड, आखलेल्या ओळी, पुढच्या जागांसाठी ठोकलेल्या लाकडी खुंट्या, आणि बारीक गवत. सावली म्हणाल तर नाही आणि फांदी म्हणाल तर नाही. पक्ष्यांसाठी जीव टाकणारी बाई, आणि तिच्या उशाशी एक झुडूप नाही. मिस्टरांना याचं रोज वाईट वाटायचं. दिलेला शब्द पाळता आला नाही, हे त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

जुना आणि नवा भाग यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती. फेरीच्या शेवटी ग्रुप तिथे चहाला बसायचा, हेही मिस्टरांना ठाऊक होतं. चहाची ती जागा सिस्टरच्या गुडघ्याने ठरवलेली होती. तो गुडघा तिला इथवरच आणायचा. ती बसली की सगळेच बसायचे, आणि गुडघ्याचं नाव निघू नये म्हणून चहाची सवय लावून घेतली होती.

बाईंनी थर्मास उघडला. चार कप भिंतीवर मांडले. डॉक्टर नव्या भागाकडे पाठ करून बसले, पार्लरवालीही तशीच बसली. बसायला भिंत दोन्हीकडून सारखीच होती.

"थंडी आहे अजून," डॉक्टर म्हणाले.

"आहे," मिस्टर म्हणाले.

"पालवीला अजून पंधरा दिवस तरी."

"हं."

चहा पिऊन होईपर्यंत एवढंच संभाषण झालं. मग डॉक्टर जरा चुळबुळले.

"दुर्बिणीचं म्हणाला होता तुम्ही. म्हणजे घाई काही नाही. तुमच्या सवडीने."

"नाही, आणलीच आहे ना," मिस्टर म्हणाले. फाटकापर्यंत थांबण्यात तरी काय अर्थ होता? त्यांनी कप खाली ठेवला आणि पट्ट्याला हात घातला. पट्टा आखूड. तो हनुवटीत अडकला, मग टोपीत अडकला. टोपी सोडवण्यासाठी त्यांनी मान वळवली आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून त्यांची नजर पलीकडे गेली.

मिस्टरांना जवळचं वाचता येत नसे, पण लांबचं अजून सुईच्या टोकाएवढं दिसायचं. डोळ्यांत तेल घालून रस्ता बघण्यातच जन्म गेलेला. पलीकडे एका खुंटीवर काहीतरी बसलं होतं. चिमणीएवढं. डोकं काळं, छाती नारिंगी, ताठ बसलेलं. ते टपकन खाली गवतात उतरलं आणि पुन्हा त्याच खुंटीवर येऊन बसलं. शेपटी हलवली. पुन्हा उतरलं, पुन्हा चढलं. प्रत्येक स्टॉपवर खाली उतरून हवा खाऊन येणारे काही प्रवासी असतात, त्यांतलं वाटलं.

"तिकडे," मिस्टर म्हणाले.

तिघांनी वळून पाहिलं.

"काय?"

"पक्षी. काळ्या डोक्याचा. तिथे, त्या मोकळ्यात."

"कुठे?" बाई उठल्या. दुर्बीण डोळ्यांना लागली होती. "मिस्टर, कुठे?"

"दगडाच्या बाजूला."

"कुठल्या?"

समोर सगळे दगड सारखे. ओळीने, नवेकोरे, एकाच मापाचे. ना नांगर, ना घड्याळ. तिथे अजून कुणाला टोपणनाव पडलं नव्हतं, कारण तिकडे कुणी बघतच नव्हतं. डॉक्टरांची दुर्बीण उजवीकडे भटकत होती, पार्लरवालीची थेट कुंपणावर. खुंटीवरच्या पक्ष्याने शेपटी हलवली. तो आता जाईल, मिस्टरांना वाटलं, सकाळपासून सगळे गेले तसाच. आणि या सबंध मोकळ्या जागेत त्यांना पत्ता असा एकच ठाऊक होता.

पट्टा अजून एका कानात अडकलेला होता. मिस्टरांनी घसा साफ केला.

"सिस्टरच्या डाव्या हाताला," ते म्हणाले. "खुंटीवर."

कुणी हललं नाही. डॉक्टरांच्या हातातली दुर्बीण तेवढी थोडी खाली आली. पार्लरवालीने बाईंकडे पाहिलं. दूर कुठेतरी कप्तानाच्या बाजूला एक कस्तुर गात होता, तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग बाईंनी विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं,

"डावा कुणाचा? आपला की त्यांचा?"

"तिचा," मिस्टर म्हणाले. "नियम तिचाच ना."

तिन्ही दुर्बिणी सरळ वळल्या. झोपलेल्या सिस्टरचा डावा हात म्हणजे भिंतीवरून बघणाऱ्यांचा उजवा. कुणी चुकलं नाही, कुणी शोधाशोध केली नाही. सगळ्यांना तिचा दगड कुठे आहे हे पक्कं माहीत होतं.

"गप्पीदास," बाई हलकेच म्हणाल्या. "नर आहे. मानेवरचा पांढरा पट्टा बघा."

"इथे?" पार्लरवाली कुजबुजली. "इथे कधी आला होता?"

"कधीच नाही. याला झाडी चालत नाही. मोकळं माळरान लागतं, बसायला खुंटी लागते, खाली आखूड गवत." बाईंनी दुर्बीण न काढता पुढे सांगितलं. "सिस्टर म्हणायच्या आठवतं? इथे सगळं आहे, पण झाडांच्या गर्दीत गप्पीदास काही यायचा नाही."

"आता झालं मोकळं," डॉक्टर म्हणाले.

मिस्टरांनी ते ऐकलं. मनातलं कुसळ थोडं हललं. उशाशी झाड नाही म्हणून रोज स्वतःला दोष देत होते, आणि झाड नाही म्हणूनच हा पाहुणा आला होता. त्यांना एकदम बरं वाटलं. इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"तुम्हीही बघा की," पार्लरवाली म्हणाली.

त्यांनी कानातला पट्टा सोडवला आणि पुन्हा गळ्यात घातला. दुर्बीण लावली. डावीकडे काळसर ठिपका, उजवीकडे दूध. बोट कडीवर गेलं, तिथे थोडं थांबलं. मग मिस्टरांनी बोट काढलं आणि उजवा डोळा मिटून घेतला. मधलं चाक हळूहळू फिरवलं.

गप्पीदास त्यांच्यासमोर येऊन बसला. काळं डोकं, मानेवर पांढरा पट्टा, छातीचा नारिंगी रंग खाली फिका होत गेलेला. डोळ्यातली चमकसुद्धा दिसत होती. दुधाचा थेंब नाही. इतका साधा उपाय होता. उजवी बाजू तिची, ती तिच्याच नंबरावर राहू दे, आपलं डावीवर भागतंय.

पक्षी खाली उतरला, वर आला, आणि मग दगडांच्या ओळीवरून खालून खालून उडत कुंपणापलीकडे गेला. डॉक्टर भिंतीवर बसले, पण या वेळी तोंड नव्या भागाकडे करून.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल," ते म्हणाले. "तिकडे नेलं तर. आणि हे सगळं कप्तान वगैरे ऐकून. सिस्टर गेल्या आणि आम्ही आपले थडग्यांची नावं पाडत हिंडतोय, बरं दिसत नाही."

"मला वाटलं, तिकडे पक्षी नसतील म्हणून जात नाही तुम्ही."

"नसतीलच, असं आम्हालाही वाटलं होतं. पण ते कारण नव्हतं."

"कप्तान मला ठाऊक आहे," मिस्टर म्हणाले. आता शब्द आपोआप येत होते. "पावकाका, घड्याळजी, नकटा, सगळे. तिघींपैकी मधली जरा वाकडी आहे, ती म्हणायची. मघाशी बघितली, आहेच."

पार्लरवाली हसली, आणि एकदा हसली ती थांबेना. सकाळभर दाबून ठेवलेलं सगळं तिने तिथेच बाहेर काढलं. नकट्याच्या कानामागे मागच्या वर्षीही घरटं होतं, घड्याळजींमागचं मांजर अजून तिथेच आहे, पावकाकांवर दरवेळी तेच कबुतर बसतं आणि त्यांचा सगळा पाव खराब करून ठेवतं. "म्हणजे आता बोलायचं ना?" तिने शेवटी विचारलं.

"बोला."

परतीच्या वाटेवर ते बोलले. कप्तानाच्या पायाशी कस्तुर निघाला, तिघींच्या कठड्यावर रामगंगा. सुतार पुन्हा एकदा सापडला. तो सकाळी घड्याळजींच्या शेजारच्या झाडावर होता, हे डॉक्टरांनी आता कबूल केलं. मिस्टर उजवा डोळा मिटून सगळं बघत होते आणि चाक फिरवायला सरावत होते.

वाट वळसा घेऊन भिंतीजवळूनच फाटकाशी यायची, तिथे डॉक्टर थांबले. त्यांची नजर मिस्टरांच्या गळ्यातल्या दुर्बिणीवर गेली.

"ती तुमच्या काही उपयोगाची नाही," मिस्टर म्हणाले. "उजवीकडे नंबर वेगळा आहे."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी काढली. "पट्टा मात्र लांब करून घ्या. मान दुखेल."

"ते करतो."

बाई अजून आल्या नव्हत्या. थर्मास भिंतीवर विसरला म्हणून त्या मागे गेल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला, पक्षी उडू नये इतका हळू आणि फाटकापर्यंत पोचेल इतका स्वच्छ. शिक्षकांनाच जमतो तसा.

"मिस्टर, धोबी आलाय. सिस्टरच्या पायाशी."

मिस्टर फिरून भिंतीपाशी गेले. उजवा डोळा मिटला, चाक फिरवलं. काळा-पांढरा धोबी शेपटी आपटत, लगबगीने गवतातून चालला होता.

"पायाशी नाही," ते म्हणाले. "जरा वर. गुडघ्याशी."

"कुठल्या?"

"दुखऱ्या."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांची दुर्बीण बरोबर तिथे वळली.